पावसाळ्यानंतर होडीचे इंजिन सुरू होत नसेल तर

जून व जुलै या दोन महिन्यांत कोकण किनाऱ्यावरील मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात व इंजिने थंड पडून असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पाण्यात लोटण्याची वेळ आली म्हणजे जुनी डिझेल इंजिने सुरू होण्यास खळखळ करतात. हंगामाच्या आरंभीची एक खेप चुकली तरी बर्फाचा व खलाश्यांचा खर्च अंगावर पडतो. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. दोष न शोधता कसेबसे सुरू केलेले इंजिन खाडीच्या मुखाशी बंद पडले, तर होडी खडकांवर जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याइतकेच, ते का सुरू होत नव्हते हे जाणणे अगत्याचे आहे.

इंजिनाच्या तीन गरजा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्यामुळे ती अतिशय तापते व तीत तुषाररूपाने आलेले डिझेल आपोआप पेट घेते. यावरून तीन गरजा ध्यानात येतील : इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, स्वच्छ डिझेल पोहोचले पाहिजे व हवेचा दाब टिकला पाहिजे. तपासणीही याच क्रमाने करावी.

प्रथम हाताने फिरवून पाहावे

डी-कम्प्रेशनची खिट्टी उचलून इंजिन हँडलने सावकाश दोन फेरे फिरवावे. ते मध्येच घट्ट अडल्यास जोर करू नये. सिलिंडरात पाणी शिरले असण्याचा संभव असतो. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी जबरदस्ती केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून पाणी बाहेर पडू द्यावे व तेलात पाणी मिसळले आहे काय हे पाहावे. तेल दुधाळ दिसल्यास ते बदलल्यावाचून इंजिन चालवू नये.

इंजिन मोकळे फिरत असून सेल्फने मंद फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. खाऱ्या हवेने टर्मिनलवर चढलेला क्षार घासून काढावा व जोड घट्ट करावेत. पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते, ते १.२० च्या आसपास आल्यास बॅटरी सुमारे निम्मीच भरलेली आहे असे समजावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वापरू नये व मध्ये दोन मिनिटे विसावा द्यावा.

धूर काय सांगतो ?

इंजिन चांगले फिरत असून धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते परंतु पेटत नाही.

धूर नसल्यास प्रथम बंद करण्याची दांडी 'चालू' बाजूस आहे ना व टाकीचा कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील पाणी साचते व डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते. टाकीच्या व फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून ते काढून टाकावे. तुंबलेला फिल्टर बदलावा.

त्यानंतर नळ्यांतील हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा व बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. हीच कृती इंधनपंपावरील स्क्रूशी करावी. शेवटी नोझलकडील नळीचा नट सैल करून इंजिन फिरवावे व डिझेल येताच नट आवळावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. तो कातडीत शिरून गंभीर इजा करतो.

पांढरा धूर व कमी दाब

डी-कम्प्रेशनची खिट्टी खाली करून हँडल फिरवावे. दाबाच्या फेऱ्यात हातास चांगला विरोध जाणवला पाहिजे. तो नसल्यास व हवा आत घेण्याच्या नळीतून फुसफुस ऐकू आल्यास व्हॉल्व्ह चिकटला असावा. ब्रीदरमधून हवा येत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा अडकल्या आहेत. ही दुरुस्ती जाणत्या मेकॅनिककडूनच करवावी. ईथरचा फवारा मारून इंजिन सुरू करण्याचा मोह टाळावा. जुन्या रिंगांची त्याने मोडतोड होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

ज्या होडीत धुराच्या नळीत समुद्राचे पाणी सोडलेले असते, तेथे इंजिन फार वेळ फिरवावे लागल्यास समुद्रपाण्याचा कॉक बंद ठेवावा. नाहीतर पाणी साचून सिलिंडरात शिरते. इंजिन सुरू होताच कॉक न विसरता उघडावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलटे फिरल्यास मनगट वाचते.

पुढील वर्षासाठी

होडी शाकारण्यापूर्वी तेल बदलावे, टाकी काठोकाठ भरावी, बॅटरी काढून घरी न्यावी व पंधरवड्यातून एकदा इंजिन हाताने फिरवावे. ग्रामसेवकांनी हा तपासणीचा क्रम गावच्या मच्छिमार सोसायटीत फलकावर लिहून लावावा. विहिरीवर डिझेल इंजिन असलेल्या शेतकरी बांधवांसही, समुद्रपाण्याचा भाग वगळता, हाच क्रम उपयोगी पडेल.