खणातल्या सह्या

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हिशेब बघते. त्या डब्यात आमच्या ग्राहकांचे डोंगल असत, साठच्या आसपास. गुळाचे व्यापारी, शिरोलीचे फाउंड्रीवाले, काही कंत्राटदार. प्रत्येक डोंगलला पांढरी पट्टी, पट्टीवर नाव आणि नावाखाली पिन.

डोंगल दिसतो पेनड्राइव्हसारखा, पण त्यात माणसाची सही असते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या डिजिटल सहीला मान्यता दिली. कंपनीची विवरणपत्रं, ऑडिट रिपोर्ट, सरकारी टेंडर याच सहीवर जातात. संचालकाचं नाव घालणं-काढणंसुद्धा. सहीची गुप्त किल्ली डोंगलच्या आतच राहते, ती कॉपी करून बाहेर नेता येत नाही. म्हणून सही करायला डोंगल हातात लागतो आणि पिन डोक्यात. आम्ही तो पिन डोंगलवरच चिकटवून ठेवला होता. साठ जणांनी सह्या केलेले कोरे चेक उघड्या खणात ठेवावेत, तसंच हे. "ताई, तुमच्याकडंच असू दे की," असं म्हणून लोक विश्वासाने देऊन जायचे.

तो डबा गेला २०१९ च्या सप्टेंबरनंतर. ऑडिटची ३० तारीख डोक्यावर होती. आमच्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलाला आयकर खात्याच्या नावाने मेल आली, सोबत झिप फाइल. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नव्हतं. घाईत ते कोण बघतं? त्याने फाइल उघडली. जरा वेळाने त्याच्या मशीनवरच्या फाइलींची नावं बदलायला लागली. तो घाबरला, मशीन बंद-चालू करून बघत राहिला, पण कुणाला बोलला नाही. तासाभराने माझी टॅली उघडेना, मी सगळ्यांना विचारत सुटले, तेव्हा तो रडवेला होऊन जवळ आला. तोवर सर्व्हरवरचा आमचा सगळा डेटा कुलूपबंद झाला होता. सर्व्हरला कायमची जोडून ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्कही गेली, कारण जोडलेल्या डिस्कवर जे दिसेल त्याला हा खंडणीचा व्हायरस कुलूप लावतो. त्यात बॅकअप आहे की आणखी काही, हे तो बघत नाही.

सरांच्या घरी एक डिस्क होती, अकरा दिवसांपूर्वीची. तिच्यावर आम्ही तरलो. अकरा दिवसांची व्हाउचरं रात्री दहा-दहापर्यंत बसून पुन्हा भरली. खंडणी दिली नाही.

मला अजून सलतो तो मधला तास. पहिल्याच मिनिटाला नेटवर्कची केबल उपटली असती, तर नुकसान बहुधा एका मशीनवर थांबलं असतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. आठवडाभर आधी टीडीएसच्या एका चुकीवरून मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. त्या तासाची जबाबदारी मी माझी मानते.

आता डोंगल ग्राहकाकडे असतो. एखादा ठेवून गेलाच, तर तो कपाटात कुलपाखाली जातो आणि वहीत नोंद होते. पिन मालकच येऊन टाकतो. बॅकअपच्या डिस्क दोन आहेत. जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढून ठेवायची. एक कायम ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा त्यातला डेटा उघडूनही बघतो, कारण न उघडणारा बॅकअप ऐन वेळी कळून काय उपयोग? प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची, स्क्रीनला कुलूप लागतं.

सगळ्यात चिवट सवय होती अपडेटला 'नंतर' म्हणायची. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभरातली कॉम्प्युटरं बंद पाडली, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांतलीसुद्धा. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, 'नॉटपेट्या'ने तीच फट वापरली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. शिरोलीचं कास्टिंग परदेशी जायचं, तर बंदर चालू लागतं. आता आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सगळी मशीनं अपडेट होतात, काम कितीही असो.

आणखी एक गोष्ट मी ग्राहकांना फोन करकरून सांगते. "आमचं बँक खातं बदललंय, पैसे नव्या खात्यावर टाका" अशी माल पुरवणाऱ्याची मेल आली, तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. मेलमधल्या नंबरवर नको. पैसे गेलेच, तर तडक १९३० ला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवायची, तर मिनिटं मोजावी लागतात.

गेल्या महिन्यात आमची नवी आर्टिकल मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, मी एका लिंकवर क्लिक केलं आणि मेलचा पासवर्ड टाकला. केबल काढून आलेय." मी हातातलं व्हाउचर ठेवलं. माझ्या मशीनवरून तिचा पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडून तिचं लॉगिन तोडलं, मेल कुठे परस्पर वळवली जात नाही ना ते तपासलं. मग तिला शेजारी बसवून चहा सांगितला आणि तिच्या मशीनची तपासणी सुरू केली.