भाव तर तेवढाच मिळाला!

गावात शेतकरी उत्पादक कंपनीचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला एक प्रश्न येतोच. “कंपनीनं भाव किती दिला? चव्वेचाळीसशे? तो तर आमच्या शेठनं पण दिला. मग कंपनी कशाला?” विचारणारा फड जिंकल्यासारखा इकडेतिकडे बघतो आणि बाकीचे माना डोलावतात.

म्हणजे, एकत्र येऊन माल विकण्याचा फायदा त्या दिवशीच्या भावातल्या फरकावर मोजायचा. फरक नाही, तर फायदाही नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की चांगले शिकलेसवरलेले लोकही तोच हिशेब मांडतात.

आपण पट्टी हातात घेऊन बघू. समजा, एका लहान शेतकऱ्याचं दहा क्विंटल सोयाबीन आहे. शेठचा भाव ४,४००, कंपनीचाही ४,४००. खेडा खरेदीत ‘माती आहे, हवा आहे’ म्हणत क्विंटलमागे दोन किलो कापले, तर वीस किलो गेले. म्हणजे ८८० रुपये. बोललेला भाव ४,४००, हातात पडला ४,३१२. हमालीची वजावट अजून धरलेलीच नाही. नीट चालणाऱ्या कंपनीच्या काट्यावर चाळणी आणि ओलावा मोजायचं यंत्र असतं. हमीभाव खरेदीचा ठरलेला निकष १२ टक्के ओलाव्याचा आहे. माल त्यात बसतो की नाही हे यंत्र सांगतं, शेठची मूठ नव्हे.

पण माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. शेठनं ४,४०० दिलेच का, हे कुणी विचारत नाही. गावात दुसरा काटा नव्हता तेव्हा तो काय देत होता? समोर कंपनी उभी राहिली म्हणून त्याचा भाव वर आला, आणि तोच भाव दाखवून आपण कंपनीला निरुपयोगी ठरवतो! अमेरिकन अर्थतज्ज्ञ एडविन नोर्स यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं: सहकारी संस्थेनं सगळा बाजार ताब्यात घ्यायची गरज नाही, थोडा वाटा हाती असला तरी बाकीच्या व्यापाऱ्यांना धाक राहतो. त्याचा लाभ सभासद नसलेल्यालाही होतो. म्हणून तुलना करायचीच तर जिथे कंपनी नाही अशा गावाशी करावी.

तशी तुलना झालेली आहे. बर्नार्ड, टफेसे आणि गाब्रे-माधिन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथिओपियाच्या अभ्यासात सहकारी संस्थांचे सभासद आणि संस्था नसलेल्या भागांतले त्यांच्यासारखेच शेतकरी समोरासमोर ठेवले. संस्थेमार्फत धान्याला साधारण ७ ते ९ टक्के जास्त भाव मिळत होता. दुप्पट नव्हे, याची नोंद भाषणं करणाऱ्यांनीही घ्यावी. आणखी एक गंमत म्हणजे भाव वाढल्यावर लहान शेतकऱ्यांनी माल जास्त नव्हे, कमी विकला. मोठ्यांनी मात्र जास्त विकला. चार पोत्यांत गरज भागली तर पाचवं घरच्या कणगीत राहणारच. प्रकल्प अहवालात हे बहुधा ‘अपयश’ म्हणून लिहिलं जाईल.

कंपन्यांची बाजू घेतोय म्हणून त्यांचे दोष झाकत नाही. कित्येक कंपन्या नुसतं खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. मालाला हातच लावत नाहीत, मग भावावर परिणाम कुठून होणार? शेठ पेरणीला उचल देतो, माल घेताना रोख मोजतो. कंपनी आठ-दहा दिवस थांबायला लावते. ज्याला उद्याच दुकानाची उधारी फेडायचीय, त्याला सहकाराचं तत्त्व काय सांगणार? मात्र शेठनं एका आठवड्यापुरते पन्नास रुपये चढवले म्हणून सगळे तिकडे पळाले, तर कंपनीची गाडी अर्धी भरते आणि गिऱ्हाईक तुटतं.

बाकीचे समज थोडक्यात.

‘दलाल संपला.’ प्रतवारी, भरणी, गाडीभाडं, नासाडी, उधारीची वसुली हे सगळं आता कंपनीच्या गळ्यात येतं, आणि त्याचा खर्च मालातूनच निघतो.

‘असल्या संस्था बड्या बागायतदारांच्याच.’ १९९१ मध्ये सुरू झालेल्या महाग्रेप्स या द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेवर देवेश रॉय आणि अमित थोरात यांचा २००८ चा अभ्यास आहे. सभासदांचं उत्पन्न इतर बागायतदारांपेक्षा जास्त होतं आणि लहानांना वगळल्याचं त्यांना दिसलं नाही.

‘कंपनी काढली की सरकार पैसे देतं.’ केंद्राच्या २०२० च्या योजनेत सभासदामागे कमाल २,००० रुपयांचं भागभांडवल अनुदान आहे, तेही सभासदांनी स्वतः भरलेल्या रकमेइतकंच, आणि एका कंपनीला १५ लाखांच्या मर्यादेत.

‘ज्याचे शेअर जास्त, त्याचं राज्य.’ शेतकरी स्वतः सभासद असलेल्या उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, मत एकच. वार्षिक सभेला येऊन, चहा पिऊन, सही ठोकून हिशेब न वाचता निघून जायचं, हे मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.