मणका ‘बसवून’ घेण्याआधी

रविवारची वंदना संपली, चटया गुंडाळल्या गेल्या आणि विहाराच्या पायरीवर एका ताईने मला थांबवले. “मॅडम, माझा मणका सरकलाय. दादरला एक जण आहे, कट् करून बसवतो म्हणे. मुलाने मोबाईलवर दाखवलं. जाऊ का?”

मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळ भागात काम करते. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कुठलाही नाही. विचारणारे वेगवेगळे असतात. पालिकेचे सफाई कामगार असतात, लोअर परळच्या टॉवरमध्ये हाऊसकीपिंग करणाऱ्या बाया असतात, दिवसभर संगणकापुढे बसणारी आपली शिकलेली मुले असतात. पाठ सगळ्यांची दुखते. मोबाईलवरच्या त्या व्हिडिओत मान वळवली की कट् आवाज येतो, रुग्ण हसतो आणि उठून चालू लागतो. आपल्यालाही वाटते, एवढेच तर हवे आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे एका अर्थाने समोरच्या दुकानातली. तेव्हा माझे म्हणणेही तपासूनच घ्या.

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. अर्थ साधा आहे, हाताने केलेला उपचार. १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर या माणसाने तो सुरू केला. पामर त्याआधी चुंबकीय शक्तीने रोग बरे करतो असे सांगत असे. त्याच इमारतीत झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार होता, त्याला नीट ऐकू येत नसे. पामरने त्याच्या पाठीतला मणका दाबला आणि ऐकू यायला लागले, असे पामर सांगे. आता ऐकण्याची नस कवटीच्या आतच असते, ती पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. तरीही या एका घटनेवरून सिद्धान्त उभा राहिला की बहुतेक सगळे आजार मणके जागचे हलल्याने होतात. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल पामरला १९०६ साली तुरुंगातही जावे लागले. पुढे अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये या विद्येची कॉलेजे निघाली, कायदे झाले. इंग्लंडमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच २०१० साली सांगितले की मणका सरकल्याने आजार होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. आज तिकडचे अनेक कायरोप्रॅक्टर फक्त पाठ, मान आणि सांध्यांचे दुखणे पाहतात, व्यायामही शिकवतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण कोणी मणका दाबून साखर, रक्तदाब किंवा मूल न होणे बरे करतो म्हणत असेल, तर तिथून चप्पल घालून सरळ बाहेर पडा.

खरे तर आपल्याला हे सगळे नवीन नाही. उसण भरली, चमक निघाली, शिरेवर शीर चढली, हे शब्द आपल्या आज्यांचेच. गावाकडे पायाळू माणसाला शोधून आणायचे, म्हणजे जो पायाकडून जन्मला तो. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, असा समज होता. लालबाग-परळच्या चाळींतही पायाळू माणसाला असे बोलावणे येत असे. आणि उसण जातही असे! कारण अचानक धरलेली पाठ बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप सुटते. दुखणे अगदी टोकाला गेल्यावर आपण उपाय शोधतो, आणि टोकानंतर ते उतरतेच. श्रेय मात्र ज्याने शेवटचा हात किंवा पाय लावला त्याला मिळते. पायाळूला मिळाले, तसे आता कट् करणाऱ्याला मिळते.

“मग तो आवाज कसला? हाड जागेवर बसल्याचाच ना?” नाही. सांध्यात वंगणासारखे पाणी असते. सांधा झटक्याने ताणला की त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते आणि तेव्हा आवाज येतो. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात बोटे मोडताना एमआरआयने चित्रण करून हे पाहिले गेले. बोटे मोडल्यावर तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही, साधारण वीस मिनिटे जावी लागतात, हे तुम्हीही करून पाहा. पाठीचेही तेच. आवाजाने हाड बसत नाही. आवाज आला नाही म्हणजे उपचार फसला असेही नाही.

“पण बरे तर वाटते!” वाटते, ते खोटे नाही. स्नायू थोडा वेळ सैल पडतात, वेदना कमी जाणवते. जुन्या कंबरदुखीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शिक्षण, व्यायाम, मानसिक आधार यांच्या जोडीने मणक्यांवरचा हाताचा उपचार आणि मालिशही बसते. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे मात्र त्यांनी नको म्हटले आहे. आपल्याकडे अर्ध्या घरांत तो पट्टा खुंटीला लटकलेला असतो. आतापर्यंतच्या अभ्यासांवरून दिसते ते असे, की कंबरदुखीत हाताच्या उपचाराचा फायदा व्यायामासारख्या इतर चांगल्या उपायांइतकाच असतो, जास्त नाही. म्हणून पंचवीस-तीस बैठकांचे पॅकेज आगाऊ घ्यायला लावणाऱ्याला विचारा, चार बैठकांत फरक पडला नाही तर पुढे काय? उरलेले पैसे परत देणार का?

“एमआरआयमध्ये चकती बाहेर आलीय, लिहूनच दिलंय.” हा कागद घेऊन रडणारी माणसे मी पाहिली आहेत. चकती साबणासारखी निसटत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, फार तर फुगते किंवा तिच्यातला मऊ भाग बाहेर येतो. २०१५ साली एका अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्के लोकांची चकती फुगलेली होती, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीला ८४ टक्के. केस पिकतात तसेच हे. तेव्हा एमआरआयमधल्या त्या ओळीला घाबरून धावू नका, आणि ती ओळ दाखवून कोणी ‘बसवून देतो’ म्हणाला तर आणखी जपून राहा.

मानेबद्दल मात्र मी अगदी स्पष्ट बोलते. मानेला झटका देऊ देऊ नका. न्हाव्याला नाही, मालिशवाल्याला नाही, दवाखान्यातही नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने धमनीचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हे क्वचित घडते, पण तरण्याताठ्या माणसालाही घडते. २०२४ साली कर्नाटकात न्हाव्याकडे मान मोडून घेतलेल्या एका तरुणाला पक्षाघात झाल्याची बातमी आपण वाचली असेल. झटक्यानंतर मानेत कधी नव्हे असे दुखणे, गरगरणे, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, तोल जाणे यांपैकी काही झाले तर झोपून वाट पाहू नका, तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोहोचा. आणि टेबलावर पालथे झोपल्यावरही “मानेला हात नको” असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैसे भरलेत म्हणून गप्प बसायचे नसते.

आता ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. लालबागच्या एका चाळीत राहणारी, तिशीतली एक बाई. दोन मुले, सकाळी चार घरची कामे. मधल्या पाठीत दुखायचे. नवऱ्याने उसने पैसे घेऊन तिला एका सेंटरमध्ये नेले. सात वेळा तिची पाठ मोडली. दर वेळी एक दिवस बरे वाटायचे. संध्याकाळी अंग कोमट लागायचे, रात्री घाम यायचा, ब्लाऊज सैल झाले होते. ती म्हणायची, कामाने वाळले. खोकला नव्हता, त्यामुळे कोणाच्या मनात काही आले नाही. सात बैठकांत तिला एकदाही कोणी विचारले नाही की ताई, ताप येतो का. एके दिवशी जिना चढताना पाय उचलेनात, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी तिला हातही लावला नाही, सरळ रुग्णालयात पाठवले. मणक्याचा टीबी. दोन मणके पोखरले गेले होते आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. ऑपरेशन झाले, दीड वर्ष गोळ्या चालल्या. आज ती चालते, पण पहिल्यासारखी हंडा उचलत नाही.

पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर तो ढासळू शकतो. मणक्याचा टीबी आपल्या भागात दुर्मीळ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे आणि खिडकी एक, तिथे टीबी राहणारच. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आपल्याच शेजारी आहे. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारतर्फे मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असलेल्या रुग्णाला आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात, बँक खाते जोडून घ्यायला विसरू नका. म्हणून पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर आधी डॉक्टर. पाऊल उचलेनासे झाले, मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी इमर्जन्सीत. पाळी गेलेल्या आणि हाडे ठिसूळ झालेल्या आयांना, गुडघ्यासाठी कुठल्या तरी ‘पुड्या’ बरीच वर्षे खाणाऱ्यांना झटक्याचा उपचार नको. त्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते आणि ते हाड पोकळ करते. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नये, आणि तान्ह्या बाळाचे मणके मोडण्याचे व्हिडिओ तर पाहूही नका.

पायांतली आग, मुंग्या, रात्रीची ठणक ही दर वेळी पाठीतूनच येते असेही नाही. मधुमेहात नसा खराब होऊनही हेच होते. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनी त्यांना किती रात्री झोप लागू दिली नाही, हे त्यांच्या चरित्रांत आहे. त्या काळात ते गिरगावच्या डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत होते, आणि तिथेच डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढे माईसाहेब, डॉक्टर म्हणून काम करत होत्या. अशा पायांसाठी कंबर मोडून घेणे म्हणजे नळ गळतोय म्हणून छत दुरुस्त करणे. आधी साखर तपासा.

“ते डॉक्टर असतात का?” महाराष्ट्रात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. एमबीबीएस डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, फिजिओथेरपिस्टची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. पाटीवर नावाआधी काय लिहिले आहे ते सोडा, शिक्षण कुठले आणि नोंदणी क्रमांक काय हे विचारा. काही जण परदेशात चार-चार वर्षे शिकून आलेले असतात, काही जण आठवड्याच्या शिबिरातून. पाटी दोघांचीही सारखीच असते.

आणि दादरच्या सेंटरला जाण्याआधी परळ स्टेशनबाहेर जरा डावी-उजवीकडे पाहा. केईएममध्ये कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, पाठोपाठ तिथे फिजिओथेरपीची शाळा आली. पोलिओने लुळी पडलेली मुले उभी करण्याचे काम तिथल्या हातांनी केले आहे. केस पेपर काढा, हाडांच्या ओपीडीत दाखवा, ते फिजिओथेरपीला पाठवतील. रांग मोठी असते, रजा पडते, हे मान्य. म्हणूनच लोक सेंटरकडे वळतात, नुसते व्हिडिओ पाहून नाही. जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाने बरोबर न्या, फेरी वाचते.

पायरीवरच्या त्या ताईला मी तिथेच टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले. ती चालली, पोरे हसली. ताप नाही, वजन तेवढेच, बधिरपणा नाही. आठ दिवसांपूर्वी गॅस सिलिंडर ओढला होता, तेव्हापासून पाठ धरली होती. मी सांगितले, झोपून राहू नका, बेताने कामे करा, बादली अर्धीच भरा, गरम पाण्याची पिशवी घ्या, रोज सकाळ-संध्याकाळ मैदानाला फेरी मारा, आणि महिनाभरात उतार नाही पडला किंवा मी सांगितलेल्यांपैकी काही झाले तर केस पेपर काढा. तीन आठवड्यांनी ती पुन्हा भेटली. दुखणे पुष्कळ कमी होते. फक्त मुलगा रुसला होता, त्याने सेंटरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती.