वाळूने गिळलेले गाव, वर उरलेली टेकडी

म्हैसूर जिल्ह्यातले सोसले हे व्यासराज मठाचे, कावेरीकाठचे गाव. नदीबरोबर थोडे खाली गेले की मुडुकुतोरेची बुटकी टेकडी लागते. माथ्यावर मल्लिकार्जुनाचे देऊळ, पायथ्याशी कावेरी. आणि जवळच वाळूत दडलेली गंग राजांची राजधानी, तळकाड!

होयसळ विष्णुवर्धनाने चोळांवरील विजयाची आठवण म्हणून तळकाडला कीर्तिनारायणाचे मंदिर बांधले. कालांतराने वाळू चढत गेली आणि देवळे गाडली गेली. पाताळेश्वराच्या दर्शनाला आजही वाळूतून खाली उतरावे लागते.

असे का झाले? लोक अलमेलम्मेचा शाप सांगतात. १६१० मध्ये राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा दागिन्यांसाठी पाठलाग होताच तिने ‘तळकाडची वाळू होवो’ म्हणत कावेरीत उडी घेतली, अशी कथा आहे. अभ्यासक मात्र चौदाव्या शतकात माधवमंत्र्याने बांधलेल्या बंधाऱ्याकडे बोट दाखवतात. पाणी अडले, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणून टाकली.

शेते भिजवणाऱ्या बंधाऱ्यानेच नगर बुडवले असेल, तर हा शाप माणसाच्याच हातचा. मल्लिकार्जुन मात्र उंचावर असल्याने वाचला. तळकाडच्या पंचलिंगांत त्याचीही गणना होते. म्हैसूरला गेलात, तर ही टेकडी जरूर चढा!