गोळ्यांनी गर्भपात झाल्यानंतर

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यावर पोटात कळा येणे आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होणे अपेक्षितच असते. अंगावरून जाणे साधारण दोन आठवडे टिकते. थोडे डाग पुढच्या पाळीपर्यंतही दिसू शकतात.

पंधराव्या दिवशीची तपासणी मात्र चुकवू नका. गर्भपात पूर्ण झाला की नाही, हे डॉक्टर तेव्हा पाहतात. गरज वाटल्यास सोनोग्राफी करतात. लघवीची चाचणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्यावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका.

पुढील लक्षणे दिसल्यास रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा:

• सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजणे
• चोवीस तासांहून जास्त टिकलेला ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
• न थांबणारी तीव्र पोटदुखी, चक्कर, घेरी
• गोळ्या घेऊनही रक्तस्राव न होणे. गर्भ वाढत असण्याची किंवा गर्भनलिकेत असण्याची शक्यता असते

पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात, त्यामुळे गर्भनिरोधनाबद्दल लगेच विचारा. भारतात कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवली जाते. संकोचापायी उपचार लांबवू नका.