तान्ह्या बाळासह घरातील ख्रिस्तजयंती

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात एक तरुण पिता कार्यालयात भेटावयास आला. घरात तीन आठवड्यांचे बाळ होते. पत्नीची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली होती. वडीलधाऱ्यांचा आग्रह असा, की बाळाचा हा पहिला नाताळ आहे, तेव्हा त्याला नवे अंगडे-टोपडे घालून मध्यरात्रीच्या मिस्सेला आणलेच पाहिजे. पत्नीला तेवढे चालण्या-बसण्याचे त्राण नव्हते. परंतु तिच्या मनाला बोचत होते ते निराळेच. तो दबक्या आवाजात म्हणाला, "फादर, ख्रिस्तजयंतीला ती मिस्सेला आली नाही तर तिला पाप लागेल का?"

हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या घरात उपस्थित होतो. बहुधा तो धर्मगुरूंपर्यंत पोहोचतच नाही. ओली बाळंतीण मनातल्या मनात झुरत राहते, अथवा लोक काय म्हणतील या भीतीने बाळाला घेऊन थंडीत मंडपात येऊन बसते. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहे.

ख्रिस्तसभेचा नियम

ख्रिस्तजयंती हा मिस्सेचे बंधन असलेला सण आहे, यात शंका नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १२४६ मध्ये तसा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु हे बंधन आंधळे नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २१८१ व्या परिच्छेदात गंभीर कारणास्तव या बंधनातून सूट असल्याचे सांगितले आहे आणि उदाहरणादाखल दोनच कारणे दिली आहेत: एक आजारपण आणि दुसरे तान्ह्या बाळाची देखभाल. म्हणजे आपल्या या बाळंतिणीचा विचार ख्रिस्तसभेने आधीच करून ठेवला आहे. तिला पाप लागत नाही. ती सूट मागून घेत नसून, ती तिला दिलेलीच आहे.

मात्र जिची वा ज्याची बाळाला खरोखर गरज आहे, त्या व्यक्तीसाठी ही सूट आहे. घरातील बाकीच्यांनी पाळी लावून घ्यावी. कलम १२४८ प्रमाणे आदल्या सायंकाळच्या मिस्सेनेही सणाचे बंधन पूर्ण होते. पित्याने २४ डिसेंबरच्या सायंकाळी आणि आजीने २५ तारखेच्या सकाळी मिस्सेला जावे. म्हणजे बाळंतीण घरी एकटी राहणार नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, ज्यांना मिस्सेला येणे अशक्य आहे त्यांनी एकट्याने किंवा कुटुंबात योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी आग्रहाची सूचना आहे.

बेथलेहेमची ती रात्र

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. देवदूतांच्या समूहाने स्तुतिगान केले ते रानात, मेंढपाळांसमोर. गव्हाणीजवळ ते गीत ऐकू आले, असे लूक लिहीत नाही. तेथे होते ते कापडात गुंडाळलेले बाळ, थकलेली माता आणि जागणारा योसेफ. मेंढपाळ आले, त्यांनी बाळाला पाहिले, आपली हकिकत सांगितली आणि ते परत गेले. मरिया मात्र या सर्व गोष्टी अंतःकरणात साठवून त्यांवर मनन करीत राहिली. पूर्वेकडील ज्ञानी लोकांनीही बाळाला वंदन केले ते मंदिरात नव्हे. संत मत्तय सांगतो त्याप्रमाणे एका घरात.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावरच मरिया व योसेफ बाळाला यरुशलेमच्या मंदिरात घेऊन गेले. मुलगा झाल्यास हे दिवस चाळीस असत. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, तो जवळजवळ तेवढाच. म्हणूनच ख्रिस्तजयंतीनंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीस, आपण प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो. आजची बाळंतीण अशुद्ध असते म्हणून तिने घरी राहावे, असे मुळीच नाही. तिला विश्रांती हवी असते म्हणून राहावे.

भेटीस येणाऱ्यांसाठी

नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पिते. त्यामुळे आईला सलग झोप अशी मिळतच नाही. डांग्या खोकल्यावरील लसीची पहिली मात्रा बाळाला सहाव्या आठवड्यात मिळते. तोवर सर्दी-खोकला असलेल्यांनी नाताळच्या शुभेच्छा फोनवरूनच द्याव्यात. इतरांनी हात धुऊनच बाळाला घ्यावे, त्याचे मुके घेऊ नयेत. कौतुकाने त्याच्या जिभेवर मध, वाइन किंवा केकचा कण लावू नये. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे असते. बाळाच्या खोलीत धुरी, उदबत्ती व फटाक्यांचा धूर नको. इतक्या लहान बाळाला ताप आल्यास सण संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

बाळंतिणीकडेही लक्ष असू द्यावे. पहिल्या दिवसांत रडू येणे स्वाभाविक आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तो श्रद्धेचा अभाव नसून उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. अशा घरी जाताना करंज्यांचे ताट नेण्यापेक्षा एका वेळचा शिजवलेला स्वयंपाक न्यावा, आणि मेंढपाळांप्रमाणे लवकर परतावे!

घरातील सण

घरी राहिले म्हणजे सण बुडाला, असे नव्हे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी नाताळची गव्हाण मांडली, तेव्हा तेथे मूर्ती नव्हत्या. गवत, बैल आणि गाढव एवढेच होते. घरातील गव्हाणही लहान व साधी असावी. २४ तारखेच्या सायंकाळी, बाळ दूध पिऊन निजले असता, पित्याने लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा वाचावी, सर्वांनी एक 'हे आमच्या बापा' व एक 'नमो मरिया' म्हणावे, आणि आई-वडिलांनी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. दहा मिनिटे पुरेत. मध्येच बाळ रडले तर प्रार्थना थांबवून त्याला घ्यावे. तीही प्रार्थनाच होय. बाळंतिणीस पवित्र कम्युनियन हवे असल्यास धर्मग्राम कार्यालयात आधी कळवावे.

शिवाय नाताळ एका रात्रीत संपत नाही. प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत नाताळकाळ चालू असतो. पाहुण्यांना जानेवारीत बोलवावे. बाळाच्या स्नानसंस्काराची तारीखही याच दिवसांत धर्मगुरूंशी बोलून ठरवावी.

त्या तरुण पित्याला मी एवढेच म्हणालो, "तिला सांगा, यंदा गव्हाण तिच्याच मांडीवर आहे. चर्चमधल्या गव्हाणीपुढे तिच्यासाठी आम्ही प्रार्थना करू." तो हसला, पण जाताना त्याचे डोळे भरले होते.

ज्यांचे बाळ या दिवसांत रुग्णालयातील काचेच्या पेटीत आहे, आणि ज्यांचा पाळणा यंदा रिकामा राहिला आहे, त्यांचेही स्मरण आपल्या घरच्या प्रार्थनेत व्हावे.

सर्व बाळांना, मातांना व पित्यांना बाळ येशूचा आशीर्वाद लाभो. नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!