बदलाचे गाणे : सॅम कूक यांचे ‘अ चेंज इज गॉना कम’

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ज्या गायनप्रकाराला ‘सोल’ म्हणतात, त्या शब्दाचा सरळ अर्थ ‘आत्मा’ असा आहे. आपण अनात्मवादी, तेव्हा हे नाव ऐकूनच आपल्यातील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडण्याचा संभव आहे. परंतु नावावर जाऊ नये. या प्रकारातील जे गाणे सर्वश्रेष्ठांत गणले जाते, त्यात गायक आकाशापलीकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही असे सरळ कबूल करतो. आशा ठेवतो ती याच जगातल्या बदलाची. हे गाणे म्हणजे सॅम कूक यांचे १९६४ सालचे ‘अ चेंज इज गॉना कम’, अर्थात ‘बदल येणार आहे’.

हे म्हणणे किती धाडसाचे होते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यांना मोकळेपणाने व्यक्त होता येई ते गाण्यात. त्यांच्या धार्मिक गीतांतून पुढे विसाव्या शतकात ‘गॉस्पेल’ हा चर्चमधील गायनप्रकार वाढला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय या थोर कृष्णवर्णीय विचारवंताने १९०३ साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्याने अशा गीतांच्या सुरावटी छापल्या. याच ड्युबॉय यांना परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून, निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. म्हणजे या लोकांच्या दुःखाशी आपला संबंध आजचा नव्हे.

गॉस्पेलमध्ये दुःखाला उत्तर होते, पण ते बहुधा परलोकातले. नदी ओलांडली की पलीकडे सुख. १९५० च्या दशकात रे चार्ल्स आणि इतर काही गायकांनी हाच गायनाचा ढंग चर्चबाहेर आणून त्यात संसारातले विषय घातले, आणि ‘सोल’ जन्मास आले. आपल्याकडे आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेऊन आशय बदलला, त्याच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. फरक एवढाच की जलशाने आशय बदलला तो प्रबोधनासाठी. सोलचा आरंभीचा आशय पुष्कळसा प्रेमगीतांचाच होता.

सॅम कूक यांचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. कुटुंब पुढे शिकागोला गेले. वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच हा मुलगा ‘सोल स्टिरर्स’ या नामांकित गॉस्पेल मंडळीचा मुख्य गायक झाला. चर्चचे श्रोते रागावतील म्हणून १९५६ साली त्याने आपली पहिली लौकिक ध्वनिमुद्रिका ‘डेल कुक’ या खोट्या नावाने काढली. पण आवाज काही लपला नाही. पुढच्याच वर्षी ‘यू सेंड मी’ हे प्रेमगीत देशभर पहिल्या क्रमांकावर गेले. पैसा, मान, गोऱ्या तरुणांचाही प्रतिसाद, सारे काही मिळाले.

आणि तरीही १९६३ साल आले. जूनमध्ये त्यांचा दीड वर्षाचा मुलगा घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून मरण पावला. त्याच वर्षी बॉब डिलन या तरुण गोऱ्या गायकाचे ‘ब्लोइन इन द विंड’ हे गीत त्यांनी ऐकले. आपल्या लोकांच्या प्रश्नावरचे गाणे एका गोऱ्या मुलाने लिहावे आणि आपण लिहू नये, याची त्यांना लाज वाटली. ऑक्टोबरमध्ये लुईझियानातील श्रीव्हपोर्ट येथे त्यांनी फोनवरून खोल्या राखून ठेवल्या होत्या. हॉटेलात पोहोचल्यावर मात्र जागा नाही असे सांगण्यात आले. त्यांनी वाद घातला, निघताना मोटारींचे भोंगे वाजले, आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली ती त्यांनाच. देशभर गाजलेला गायक असो की शेतमजूर, त्या हॉटेलच्या दाराशी दोघे सारखेच.

हे गीत ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाले. वाद्यरचना रेने हॉल यांची. एवढा मोठा वाद्यवृंद पाहून नेहमीचा ड्रमवादक बिचकला आणि ऐन वेळी अर्ल पामर त्याच्या जागी बसले, असे सांगतात.

गाण्याचा ठेका समजून घेण्यासारखा आहे. चार संथ ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग, असे बारा. चर्चमधल्या संथ गॉस्पेलची हीच चाल. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला त्यातला झोका लगेच कळतो. आरंभी व्हायोलिनांचा समूह भरतीसारखा चढतो आणि त्यावर कूक यांचा आवाज एकदम वरच्या स्वरावर लांबवलेला येतो. प्रस्तावना नाही, हळूहळू चढणे नाही. एका अक्षरावर अनेक स्वर फिरवण्याची त्यांची लकब, ज्याला आपण हरकत किंवा मुरकी म्हणू, ती थेट सोल स्टिरर्समधून आलेली. प्रत्येक कडवे त्याच एका ओळीवर, म्हणजे ध्रुवपदावर, येऊन टेकते.

हॉल यांची युक्ती अशी की प्रत्येक कडव्याला वेगळ्या वाद्यांचा आधार दिला. पहिले कडवे तंतुवाद्यांचे, दुसरे फुंकवाद्यांचे. त्यांतील फ्रेंच हॉर्न या वळणदार पितळी वाद्याचा खिन्न स्वर मुद्दाम योजलेला. मधल्या भागात टिंपनी, म्हणजे आपल्या नगाऱ्याच्या जातीची मोठी वाद्ये, घुमतात. गॉस्पेलमध्ये मुख्य गायकाला मंडळी साद देतात. येथे मागे गाणारे कोणीच नाही. उत्तर देतो तो वाद्यवृंद. माणूस एकटा पडला आहे हे शब्दांआधी आपल्याला सुरांतून कळते.

शब्द साधे आहेत. नदीकाठचा गरीब जन्म, नदीसारखेच सतत धावणे, जगणे कठीण आणि मरणाचीही भीती. मग चित्रपटगृहात किंवा शहराच्या बाजारपेठेत गेले की ‘येथे थांबू नकोस’ असे ऐकावे लागणे. टिंपनी वाजतात त्या मधल्या भागात तो भावाकडे मदत मागायला जातो आणि भाऊ त्याला पुन्हा गुडघ्यांवर आणतो. हा भाऊ कोण? कोणी म्हणतात गोरा देशबांधव, कोणी म्हणतात आपल्यातलाच पुढे गेलेला माणूस. मला दुसरा अर्थ अधिक बोचतो. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला सुशिक्षितांबद्दल जे दुःख बोलून दाखविले, ते आठवते.

कूक यांनी हे गीत ७ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘टुनाइट शो’ या दूरदर्शन कार्यक्रमात वाद्यवृंदासह गायिले. त्याची फीत आज उपलब्ध नाही. दोनच दिवसांनी बीटल्स अमेरिकेच्या पडद्यावर अवतरले आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा होऊन हॉटेले व चित्रपटगृहे यांतील भेदभाव बेकायदा ठरला. ११ डिसेंबर रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलात गोळी लागून कूक यांचा मृत्यू झाला. वय अवघे तेहेतीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गीत एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूला निघाले, आणि त्यातून एक कडवे वगळलेले होते. नेमके चित्रपटगृह आणि बाजारपेठेचे. नदी राहिली, दुःख राहिले, आशा राहिली. ‘येथे थांबू नकोस’ म्हणणारा तेवढा नाहीसा झाला. विद्यार्थ्यांना हे गाणे ऐकायचे असेल तर त्यांनी ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ या १९६४ च्या अल्बममधील प्रत ऐकावी. तीत ते कडवे आहे.